पंगत की खानावळ?

प्रश्न : ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायचं. आम्हा भावंडांना इंग्रजी फारसं कळायचं नाही, पण टोकदार कानांचा स्पॉक बरोब्बर कळायचा. २०१६ मध्ये मुलाला घेऊन थिएटरात 'स्टार ट्रेक बियाँड' पाहिला. तेव्हापासून पुढच्या चित्रपटाची वाट पाहतोय, तो काही येत नाही. मुलगा म्हणतो, ''बाबा, ते आता सगळं ओटीटीवर असतं.'' एवढं अजस्र अवकाशयान मोबाइलच्या पडद्यात कोंबायचं कशासाठी? मोठ्या पडद्याचा कंटाळा आला का या लोकांना? आणखी एक विचारायचं होतं. पहिल्या चित्रपटात आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा होती. तिने त्यासाठी खरंच टक्कल केलं होतं का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : टक्कल शेवटी घेऊ. ते वाटतं तितकं विषयाबाहेरचं नाही.

आधी एक गैरसमज दूर करतो. स्टार ट्रेक मूळचं मोठ्या पडद्याचं आणि आता बिचारं छोट्या पडद्यावर येऊन पडलंय, असं तुमच्या पत्रातून ध्वनित होतं. प्रत्यक्षात त्याचा जन्मच दिवाणखान्यातला. ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर त्याचा पहिला भाग लागला. जीन रॉडनबेरी हा त्याचा जनक. तीन पर्वं, ७९ भाग, आणि १९६९ मध्ये वाहिनीने गाशा गुंडाळायला लावला. दुसऱ्या पर्वानंतरच बंद व्हायचं होतं, पण प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडून एक पर्व वाढवून घेतलं. खरी लोकप्रियता तर मालिका बंद पडल्यावरची. सत्तरच्या दशकात गावोगावच्या स्थानिक वाहिन्यांनी हे ७९ भाग पुन्हा पुन्हा दाखवले. शाळेतून घरी आलेली पोरं ते पाहत मोठी झाली.

त्या घरगुती जन्माच्या खुणा कथेच्या अंगावर अजून आहेत. माणूस एका जागी चमचमत विरघळतो आणि दुसऱ्या जागी उभा राहतो, ती 'ट्रान्सपोर्टर'ची करामत तुम्हाला आठवत असेल. पुढच्या काळाची केवढी भन्नाट कल्पना, असं आपल्याला वाटायचं. तिच्या मुळाशी होता हिशेबाचा कागद. दर आठवड्याला नव्या ग्रहावर यान उतरवून दाखवायचं तर मॉडेलचं आणि चित्रीकरणाचं खर्चाचं गणित बसेना. मग यान वर कक्षेतच ठेवलं आणि माणसं झगमगाटात खाली पाठवली. कंजूषपणातून निघालेली ही युक्ती आज साठ वर्षांनीही स्टार ट्रेकची ओळख आहे.

आता पैशाकडे वळू, कारण 'का'चं बरंचसं उत्तर तिथेच आहे.

थिएटर म्हणजे लग्नाची पंगत. एकदाच मांडायची, सगळ्या गावाला बोलवायचं, पहिल्या तीन दिवसांत पानं उठली नाहीत तर आचाऱ्यापासून मांडववाल्यापर्यंत सगळे डोक्याला हात लावून बसणार. ओटीटी म्हणजे खानावळ. मेंबर थोडे असले तरी चालतात, पण महिन्याच्या महिन्याला पैसे आले पाहिजेत. पुण्या-मुंबईत ज्यांनी खानावळीत दिवस काढलेत त्यांना मालकाची चिंता सांगायला नको. एकेका ताटाची फिकीर त्याला नसते, मेंबर सुटला तर मात्र झोप उडते. म्हणून तो महिन्यातून एकदा फीस्ट ठेवतो, आणि आपण 'पुढच्या महिन्यात बदलू खानावळ' म्हणत वर्षभर तिथेच जेवतो. ओटीटीवाल्यांना तर खाडेही कापून द्यावे लागत नाहीत. महिनाभर काही पाहिलं नाहीत, तरी पैसे गेले ते गेलेच.

स्टार ट्रेक पंगतीत कसं चालतं, हे 'बियाँड'वरूनच पाहा. खर्च सुमारे १८.५ कोटी डॉलर. जगभरात तिकीटविक्री सुमारे ३४.३ कोटी. वरवर पाहता दुपटीच्या जवळ, फायदाच फायदा! पण तिकिटाच्या पैशातला साधारण निम्मा भाग थिएटरवाल्यांकडे राहतो, आणि चीनसारख्या बाजारात परदेशी स्टुडिओच्या हाती जेमतेम पाव हिस्सा पडतो. म्हणजे स्टुडिओकडे आले फार तर सतरा कोटी. निर्मितीचा खर्चच त्याहून जास्त, आणि जगभरच्या जाहिरातींचा खर्च तर या १८.५ कोटींत धरलेलाही नसतो. थिएटरात तुम्ही आणि मुलगा बसला होतात, त्या खेळाला गर्दी किती होती आठवून पाहा. मी पाहिला तेव्हा मागच्या तीन रांगा भरल्या होत्या, बाकी खुर्च्या.

एक चित्रपट आपटला, असं म्हणून हे सोडून देता येत नाही. जे. जे. अब्राम्सने २००९ मध्ये नव्या नटांना घेऊन जो स्टार ट्रेक काढला तो चांगला चालला, सुमारे ३८.५ कोटी. पण त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश एकट्या उत्तर अमेरिकेतून आले होते. २०१३ चा 'इन्टू डार्कनेस' ४६ कोटींपर्यंत गेला, पण त्याचा खर्चही १९ कोटींवर पोचला होता. साठ वर्षांतली ही सर्वाधिक कमाई. याच्या शेजारी २०१४ चा 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी' ठेवा. झाड आणि रॅकून नायक असलेला, बहुतेकांनी नावही न ऐकलेला सिनेमा, आणि कमाई ७७ कोटींच्या वर. पुढच्याच वर्षीच्या 'स्टार वॉर्स'ने दोनशे कोटींचा आकडा पार केला.

असं का व्हावं? माझं मत सांगतो. स्टार वॉर्स ही परीकथा आहे. राजकन्या, काळा राक्षस, चमकती तलवार. ती कुठल्याही गावात, कुठल्याही भाषेत उतरते. स्टार ट्रेकचा जीव वादात आहे. सगळ्यात चांगला भाग कोणता, असं जुन्या चाहत्यांना विचारलंत तर बरेच जण 'द नेक्स्ट जनरेशन' या नंतरच्या मालिकेतल्या, १९८९ च्या 'द मेझर ऑफ अ मॅन'चं नाव घेतील. त्यात काय घडतं? एक खोली, एक न्यायाधीश, आणि डेटा नावाचा यंत्रमानव ही कुणाची मालमत्ता आहे की स्वतंत्र व्यक्ती, यावर चाललेला खटला. एक गोळी सुटत नाही. टीव्हीवर पाऊण तास माणूस खिळून बसतो. हेच आयमॅक्सच्या पडद्यावर अठरा कोटींत करायला निघालात तर स्टुडिओतला हिशेबनीस चक्कर येऊन पडेल. मग काय होतं, चित्रपटासाठी एक खलनायक आणावा लागतो, त्याच्याकडे जगबुडी करणारं काहीतरी असावं लागतं, आणि यान दर वेळी फोडावं लागतं. 'बियाँड'मध्ये तर एंटरप्राइज हे यान मध्यंतराच्या आतच फोडलं.

तुम्ही म्हणाल, मग ऐंशीच्या दशकातले चित्रपट कसे चालले? ते स्वस्त होते म्हणून! १९७९ चा पहिला चित्रपट रॉबर्ट वाइजने केला, 'साउंड ऑफ म्युझिक'वाला. त्याचा खर्च सुमारे ४.४ कोटींवर गेला आणि पॅरामाउंट स्टुडिओच्या मंडळींना घाम फुटला. दुसरा, १९८२ चा 'द रॅथ ऑफ खान', त्यांनी आपल्या टीव्ही विभागाकडे सोपवला. खर्च सव्वा कोटीच्या आत. जुने सेट वापरले, पहिल्या चित्रपटातली यानाची दृश्यंसुद्धा पुन्हा लावली. खलनायकही जुनाच, १९६७ च्या एका भागातला खान नूनियन सिंग. कथेत तो उत्तर हिंदुस्थानातला शीख आणि भूमिकेत मेक्सिकोचा रिकार्डो मोंटलबान, यावर वेगळा लेख होईल. आजही हा चित्रपट सगळ्यांत सरस मानतात. पुढे १९८६ मध्ये 'द व्हॉयेज होम' आला. त्यात खलनायक नावालाही नाही, सगळी मंडळी विसाव्या शतकातल्या सॅन फ्रान्सिस्कोत येऊन दोन देवमासे घेऊन जातात, बस. तोही धो धो चालला. काटकसरीत केलेल्या चित्रपटाला असा वेडेपणा परवडतो. अठरा कोटींच्या चित्रपटाला परवडत नाही.

दुसरं कारण कथेशी संबंधित नाहीच, ते वाटणीपत्राचं आहे. ते फार कमी लोकांना माहीत असतं. २००५ च्या अखेरीस व्हायकॉम या मोठ्या कंपनीचे दोन तुकडे झाले. पॅरामाउंटचा चित्रपट स्टुडिओ एका भावाकडे, सीबीएस ही वाहिनी दुसऱ्या भावाकडे. आणि स्टार ट्रेकची जमीनही मधोमध कुंपण घालून वाटली गेली. चित्रपट काढायचा हक्क पॅरामाउंटला, मालिका काढायचा सीबीएसला. डिसेंबर २०१९ मध्ये दोघं पुन्हा एकत्र आले, पण तोवरची चौदा वर्षं हा कारभार चालला. त्या काळात पॅरामाउंटने तीन चित्रपट काढले. सीबीएसने बरीच वर्षं काहीच केलं नाही. २००५ मध्ये 'एंटरप्राइज' ही मालिका बंद झाली होती, ती जमीन पडीक होती. मग २०१४ मध्ये सीबीएसने स्वतःची ओटीटी सेवा काढली, 'सीबीएस ऑल अॅक्सेस', महिन्याला सहा डॉलरला. तिच्यासाठी काहीतरी दणदणीत हवं होतं आणि घरात स्टार ट्रेक होतं. पण त्यांच्या वाट्याला आलेल्या स्टार ट्रेकमधून चित्रपट निघतच नव्हता, फक्त मालिका निघत होती. तेव्हा 'थिएटर की ओटीटी' असा विचार करत कुणी गालाला हात लावून बसलं होतं, असं नाही. निर्णय अर्धा कुंपणानेच केला होता.

इथे मला एक गंमत दिसते, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. या कंपनीला नवं दुकान उघडायचं असलं की पहिला नारळ कायम स्टार ट्रेकचाच फुटतो. १९७७ मध्ये पॅरामाउंटला स्वतःची दूरचित्रवाहिनी काढायची होती. तिची मुख्य मालिका म्हणून 'स्टार ट्रेक : फेज टू' जाहीर झाली. वाहिनी उभीच राहिली नाही. १९९५ च्या जानेवारीत त्यांनी यूपीएन नावाची वाहिनी खरोखर सुरू केली, तिचा पहिला कार्यक्रम 'स्टार ट्रेक : व्हॉयेजर'. ती वाहिनी २००६ मध्ये मिटली. आणि २४ सप्टेंबर २०१७ रोजी तिसरा नारळ, 'स्टार ट्रेक : डिस्कव्हरी'. पहिला भाग सीबीएस वाहिनीवर सगळ्यांना फुकट, दुसरा त्याच रात्री ऑल अॅक्सेसवर, पैसे भरणाऱ्यांना. भाजीवाला आधी पेरूची एक फोड हातावर ठेवतो आणि मग किलोचा भाव सांगतो, तसं.

नारळ हाच का, याचंही कारण आहे. स्टार ट्रेकचा चाहता जगाच्या मानाने थोडा आहे, पण पक्का आहे. तो यानातल्या मंडळींसारखे कपडे शिवून घेतो, संमेलनांना जातो, मालिकेतल्या क्लिंगॉन भाषेचं व्याकरण पाठ करतो. थिएटरवाल्यासाठी त्याची किंमत एका तिकिटाएवढीच, कारण शेजारच्या खुर्चीवरचा पोरगा निव्वळ एसीत बसायला आलेला असला तरी त्याचं तिकीट तेवढंच. खानावळीसाठी मात्र असा मेंबर सोन्याचा. आठवड्याला एक भाग दिला की तो दहा आठवडे हलत नाही. पुढे ऑल अॅक्सेसचं नाव बदलून मार्च २०२१ मध्ये 'पॅरामाउंट प्लस' झालं आणि त्यांनी हे तंत्र टोकाला नेलं. २०२२ या एका वर्षात स्टार ट्रेकच्या पाच मालिकांचे नवे भाग आले, दोन त्यातल्या कार्टूनच्या. एक संपत आली की दुसरी सुरू. मेंबरला खानावळ सोडायला फटच ठेवायची नाही.

शिवाय इथे दुसऱ्याच्या खिशातूनही खर्च निघायचा. 'डिस्कव्हरी'च्या एका भागाला आठ ते साडेआठ कोट.. थांबा, दशलक्ष डॉलर लागत असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या, म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी लाख. डॉलरच्या हिशेबात माझी नेहमी अशी फजिती होते. पहिल्या पर्वाचे पंधरा भाग धरले तरी एकूण रक्कम 'बियाँड'च्या दोन तृतीयांशांच्या आसपास, आणि बदल्यात दोन तासांऐवजी दहा-अकरा तासांचा माल. त्यातलाही बराच मोठा वाटा नेटफ्लिक्सने उचलला, अमेरिका आणि कॅनडा सोडून बाकी जगाचे हक्क घेऊन. आपल्याकडेही 'डिस्कव्हरी' नेटफ्लिक्सवरच आली आणि 'पिकार्ड' ही दुसरी मालिका प्राइम व्हिडिओवर. एकदा उभारलेला यानाचा सेट वर्षानुवर्षं वापरता येतो, हा आणखी एक फायदा. 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' ही मालिका कॅनडात मिसिसागाला चित्रित झाली. मिसिसागा आपल्याला परकं नाही, प्रत्येक मराठी घरातला एखादा भाचा किंवा पुतणी तिथे असतेच. त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल, की घरापासून दहा-पंधरा मिनिटांवर एंटरप्राइजचा पूल उभा होता? पूल म्हणजे कप्तान जिथे बसतो ती जागा, खाडीवरचा नव्हे.

तर मग खानावळीत सगळं झकास चाललंय का? अजिबात नाही. तुमच्या मुलाला हेही सांगा. जगभरात स्वतःची शाखा काढायच्या नादात पॅरामाउंटने नेटफ्लिक्सकडून 'डिस्कव्हरी' परत घेतली, तीही नोव्हेंबर २०२१ मध्ये, नवं पर्व लागायच्या दोन दिवस आधी. अनेक देशांत शाखा निघालेलीच नव्हती, तिथले चाहते ताट वाढून ओढून घेतल्यासारखे बसले. २०२२ मध्ये कंपनीच्या ओटीटी विभागाचा तोटा दीड अब्ज डॉलरच्या वर गेला. मग कात्री निघाली. 'प्रॉडिजी' ही मुलांची मालिका जून २०२३ मध्ये त्यांनी स्वतःच्याच सेवेवरून काढून टाकली आणि तिचं तयार होत असलेलं दुसरं पर्व वर्षभराने नेटफ्लिक्सवर दिसलं. मिशेल योला घेऊन 'सेक्शन ३१' नावाची मालिका करायची होती, ती आटत आटत एक चित्रपट झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये थेट ओटीटीवर आली. समीक्षकांनी तिचा पार भुगा केला. न पंगत, न खानावळ, असं काहीतरी ते होतं.

प्रेक्षकाचंही नुकसान झालंच आहे. १९८७ ते १९९४ चाललेल्या 'द नेक्स्ट जनरेशन'मध्ये बहुतेक वर्षी २६ भाग असत. त्यातले पाच-सहा टाकाऊ निघत, पण उरलेल्या वीसांत 'द मेझर ऑफ अ मॅन'सारखा एखादा खजिना सापडे. एवढ्या भागांत लेखकाला चुकायला जागा होती. आता वर्षाला दहा भाग, प्रत्येक चित्रपटासारखा चकचकीत, आणि बऱ्याच मालिकांत दहाही भागांत मिळून एकच लांबलचक गोष्ट, त्यात पुन्हा जग वाचवायचं! म्हणजे ज्या पंगतीच्या सवयी नको म्हणून इकडे आलो, त्याच सवयी सोबत घेऊन आलो. 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' मला त्यातल्या त्यात बरी वाटते, कारण ती दर भागाला स्वतंत्र गोष्ट सांगते, जुन्या रविवार सकाळसारखी. तुम्ही तिच्यापासून सुरुवात करा. मोबाइलवर मात्र पाहू नका, घरातल्या टीव्हीवर पाहा. १९६६ मध्ये लोक ज्यावर पाहत होते त्याच्या दुप्पट मोठा तो नक्की असेल.

थिएटरात पुन्हा कधी येणार? नव्या नटांच्या चौथ्या चित्रपटाची घोषणा 'बियाँड' लागायच्या आधीच झाली होती. नंतर दिग्दर्शक येत गेले, जात गेले. एकदा तर डिसेंबर २०२३ ही तारीखही लागली आणि उतरली. २०२५ मध्ये स्कायडान्स या कंपनीने पॅरामाउंट घेतलं आणि नव्या मालकांनी पुन्हा चित्रपटाची बोलणी सुरू केली. स्टार वॉर्सवाल्यांनीही २०१९ नंतर सगळा जोर मालिकांवर दिला आणि पुढे त्यातल्याच 'मँडलोरियन'ला थिएटरात न्यायचं ठरवलं. खानावळवाल्याला अधूनमधून पंगत घालायची हौस येतेच.

आता पर्सिस खंबाटा. हो, टक्कल खरंच केलं होतं. १९६५ ची मिस इंडिया, मुंबईची पारशी मुलगी. डेल्टा ग्रहावरच्या इलिया या यानाच्या दिशादर्शक स्त्रीची भूमिका तिला मिळाली आणि त्या ग्रहावरच्या बायकांना डोक्यावर केस नसतात, असं रॉडनबेरीने ठरवलेलं. १९८० च्या ऑस्कर सोहळ्यात पारितोषिक द्यायला ती मंचावर गेली. तो मान मिळवणारी ती पहिली भारतीय.

पण तिची निवड चित्रपटासाठी झालीच नव्हती. १९७७ मध्ये तिला घेतलं ते त्या 'फेज टू' मालिकेसाठी, म्हणजे वाहिनीसाठी फोडायच्या पहिल्या नारळासाठी. त्याच वर्षी स्टार वॉर्सने थिएटरं भरून टाकली, वाहिनीचा बेत कोसळला, आणि मालिकेचा लिहून तयार असलेला पहिला भाग ताणून त्याचा चित्रपट केला गेला. इलिया त्या लिखाणातून सरळ मोठ्या पडद्यावर आली. चित्रपट झाला, सेट पॅरामाउंटच्या आवारात तसेच उभे राहिले. १९८७ मध्ये 'द नेक्स्ट जनरेशन' सुरू करताना खर्च वाचवायचा म्हणून त्यांनी त्याच भिंती पुन्हा रंगवल्या, दिवे बदलले आणि नव्या कप्तानाच्या हवाली केल्या. तुम्ही ती मालिका काढून बसलात आणि यानातल्या लांबच लांब मार्गिकेतून कुणी चालताना दिसलं, तर ती मार्गिका नीट पाहा. तिथून आधी पर्सिस चालून गेली आहे.